लॅपटॉपचा काळा पडदा

लॅपटॉपचा काळा पडदा हे लॅपटॉप संगणकातील बिघाडाचे एक नेहमी आढळणारे लक्षण आहे. संगणक चालू करण्याचे बटण दाबल्यावर दिवे लागतात, पंखा फिरू लागतो, काही वेळा उत्पादक कंपनीचे बोधचिन्हही दिसते. परंतु त्यानंतर पडद्यावर चित्र उमटत नाही किंवा उमटलेले चित्र नाहीसे होते. ताप जसा अनेक आजारांत येतो, तसा काळा पडदा अनेक भिन्न बिघाडांत दिसतो. त्यामुळे त्याचा एकच ठरावीक उपाय नाही. सुरू होण्याच्या कोणत्या टप्प्यावर चित्र नाहीसे होते, हे पाहणे ही त्याच्या निदानाची पहिली पायरी होय.

पडदा काळा पडला म्हणजे संगणकातील माहिती नष्ट झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. चित्र दाखवणारी यंत्रणा आणि माहिती साठवणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याउलट, कारण न शोधता प्रणाली नव्याने बसवल्यास किंवा डिस्क फॉरमॅट केल्यास शाबूत असलेली माहिती पुसली जाऊ शकते. म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

स्वरूप आणि मिळतेजुळते दोष

काळ्या पडद्याशी साम्य असलेले काही दोष त्यापासून वेगळे ओळखणे आवश्यक असते.

संगणक मुळीच चालू न होणे: बटण दाबल्यावर एकही दिवा लागत नाही व पंख्याचा आवाज येत नाही. असा दोष बहुधा चार्जर, बॅटरी किंवा मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याचा असतो.

त्रुटीचा संदेश असलेला पडदा: विंडोज प्रणालीत गंभीर त्रुटी आल्यास ती संदेश दाखवून थांबते. हा पडदा अनेक वर्षे निळ्या रंगाचा होता. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये त्याचा रंग काळा केला. मात्र त्यावर मजकूर व त्रुटीचा संकेत असतो. संदेश वाचता येत असेल, तर चित्र दाखवणारी यंत्रणा नीट आहे असे समजावे.

काळ्या पार्श्वभूमीवरील पांढरी अक्षरे: प्रणाली सुरू करता येईल अशी डिस्क सापडत नसल्याची सूचना अशा स्वरूपात येते. येथे संशय पडद्यावर नव्हे, तर डिस्कवर किंवा बायोसमधील क्रमावर घ्यावा लागतो.

निद्रावस्था: झाकण मिटल्यावर किंवा काही काळ वापर न झाल्यास लॅपटॉप निद्रावस्थेत जातो. त्यातून तो जागा न झाल्यास पडदा काळाच राहतो.

चित्र पडद्यापर्यंत पोहोचण्याची प्रक्रिया

बटण दाबल्यापासून काम सुरू करण्याजोगा पडदा दिसेपर्यंत संगणक ठरावीक टप्प्यांतून जातो.

पहिल्या टप्प्यात मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली मूलभूत प्रणाली जागी होते. जुन्या संगणकांत तिला बायोस म्हणत. नव्या संगणकांत तिची जागा यूईएफआयने घेतली असली, तरी बोलण्यात बायोस हाच शब्द रूढ आहे. ही प्रणाली प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स चिप यांची प्राथमिक तपासणी करते. तपासणीत दोष आढळल्यास पडद्यावर चित्र आणणे शक्य नसते; अशा वेळी अनेक लॅपटॉप ठरावीक संख्येने बीप वाजवून किंवा दिवा मिचकावून दोषाचा संकेत देतात.

दुसऱ्या टप्प्यात कंपनीचे बोधचिन्ह दिसते. तिसऱ्या टप्प्यात विंडोज, लिनक्स किंवा मॅकओएस यांसारखी संचालन प्रणाली डिस्कवरून रॅममध्ये येऊ लागते. या टप्प्यात चित्र साध्या, प्राथमिक पद्धतीने दाखवले जाते. चौथ्या टप्प्यात ग्राफिक्स ड्रायव्हर हे सॉफ्टवेअर चित्राचा ताबा घेते. पाचव्या टप्प्यात वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड विचारणारा पडदा येतो आणि सहाव्या टप्प्यात डेस्कटॉप दिसतो.

बोधचिन्ह स्पष्ट दिसून नंतर पडदा काळा पडत असेल, तर पडदा आणि त्याची केबल बहुधा निर्दोष असते व संशय चौथ्या टप्प्यातील ड्रायव्हरवर जातो. पासवर्ड दिल्यानंतर काळ्या पडद्यावर केवळ माउसचा बाण फिरत असेल, तर प्रणाली चालू झाली असून डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम सुरू झालेला नाही, असा अर्थ होतो. पहिल्या क्षणापासून काहीच दिसत नसेल, तर पडदा, केबल, रॅम किंवा मदरबोर्ड यांपैकी एकात दोष असण्याची शक्यता अधिक असते.

कारणे

पडदा व मागील प्रकाश

बहुसंख्य लॅपटॉपांचे पडदे द्रवस्फटिक प्रकारचे असतात. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. ते मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा जाऊ देतात. हा प्रकाश पूर्वी बारीक फ्लुरोसंट नळीतून मिळत असे. आता तो एलईडी दिव्यांतून मिळतो. हा प्रकाश बंद पडला, तर चित्र तयार होत असूनही डोळ्यांना पडदा काळा दिसतो. ओलेड प्रकारच्या पडद्यात प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असल्याने मागील प्रकाशाची वेगळी सोय नसते.

केबल, बिजागरी व झाकणाचा संवेदक

मदरबोर्डपासून पडद्यापर्यंत जाणारी केबल बिजागरीजवळून जाते. झाकण हजारो वेळा उघडमीट झाल्याने ती झिजते, तिच्या आतील तारा तुटतात किंवा तिचे टोक सैल होते. झाकणाचा कोन बदलल्यावर चित्र येत-जात असेल, तर केबलवर संशय घ्यावा. झाकण मिटल्याचे ओळखण्यासाठी बहुतेक लॅपटॉपांत चुंबक व संवेदक असतो. तो बिघडल्यास झाकण उघडे असतानाही ते मिटले आहे असे संगणक मानतो व पडदा बंद ठेवतो. लॅपटॉपजवळ ठेवलेल्या एखाद्या चुंबकामुळेही असे घडू शकते.

रॅम, ग्राफिक्स चिप व मदरबोर्ड

रॅमची पट्टी खाचेत सैल झाल्यास किंवा तिच्या संपर्कपट्ट्यांवर गंज व धूळ साचल्यास प्राथमिक तपासणीच पूर्ण होत नाही. कोकण व मुंबईसारख्या दमट किनारी प्रदेशांत पावसाळ्यातील आर्द्रतेमुळे संपर्कपट्ट्या गंजण्याचा धोका वाढतो. द्रव सांडणे, पंख्यात धूळ साचून होणारी अतिउष्णता आणि वीजदाबातील चढउतार ही मदरबोर्ड बिघडण्याची इतर कारणे आहेत.

सॉफ्टवेअर

ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडणे किंवा प्रणालीच्या नव्या आवृत्तीशी न जुळणे, प्रणालीचे अद्ययावतीकरण अर्धवट राहणे, प्रणालीच्या फाइली खराब होणे, डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम व्हायरसमुळे बदलला जाणे आणि पडद्याची निवड बदललेली असणे ही सॉफ्टवेअरशी संबंधित प्रमुख कारणे आहेत. शेवटचे कारण वर्गात किंवा सभागृहात प्रोजेक्टर वापरणाऱ्यांच्या बाबतीत आढळते. चित्र फक्त दुसऱ्या पडद्यावर दाखवण्याचा पर्याय निवडलेला असल्यास लॅपटॉपचा स्वतःचा पडदा काळा राहतो.

निदान

पुढील चाचण्यांना लॅपटॉप उघडावा लागत नाही व साठवलेल्या माहितीला धक्का लागत नाही.

१. कॅप्सलॉक चाचणी: कॅप्सलॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक प्रतिसाद देत आहे. दिवा स्थिर राहिल्यास संगणक आधीच्या टप्प्यावर अडकला असण्याची शक्यता असते. दिवा आपोआप ठरावीक लयीत मिचकत असेल, तर तो दोषाचा संकेत असू शकतो. मिचकण्याची संख्या मोजून कंपनीच्या माहितीपुस्तिकेत तिचा अर्थ पाहावा.

२. विजेरीची चाचणी: अंधाऱ्या खोलीत पडद्यावर विजेरीचा प्रकाश तिरपा टाकावा. अंधुक चित्र दिसल्यास दोष मागील प्रकाशाचा आहे. ओलेड पडद्याला ही चाचणी लागू होत नाही.

३. बाह्य पडद्याची चाचणी: एचडीएमआय केबलने लॅपटॉप दूरचित्रवाणी संचाला किंवा दुसऱ्या मॉनिटरला जोडावा. तेथे चित्र आल्यास मदरबोर्ड व प्रणाली चालू असून दोष लॅपटॉपच्या पडद्यात, केबलमध्ये किंवा संवेदकात आहे. काही लॅपटॉपांत प्रणाली पूर्ण सुरू झाल्यावरच बाह्य पडद्यावर चित्र येते. म्हणून काही मिनिटे वाट पाहावी.

४. बायोस चाचणी: संगणक चालू होताच बायोसमध्ये नेणारी कळ वारंवार दाबावी. ती कंपनीनुसार एफ२, एफ१०, डिलीट किंवा एस्केप यांपैकी असते. बायोसचा पडदा दिसून स्थिर राहिला, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये आहे.

५. कंपनीची स्वयंचाचणी: काही कंपन्या पडद्याच्या तपासणीची सोय देतात. डेलच्या अनेक लॅपटॉपांत डी ही कळ दाबून धरून संगणक चालू केल्यास पडदा एकामागून एक रंग दाखवतो. रंग व्यवस्थित दिसले, तर पडद्यात दोष नाही.

उपाय

प्राथमिक उपाय

सर्वप्रथम पडद्याचा प्रकाश वाढवणाऱ्या कळी वापरून पाहाव्यात आणि चार्जरखेरीज जोडलेली सर्व उपकरणे काढावीत. त्यानंतर बटण सुमारे १० सेकंद दाबून संगणक पूर्ण बंद करावा.

संगणकात अडकलेल्या विजेचा निचरा करणे हा साधा पण अनेकदा गुणकारी उपाय आहे. चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून काढता येत असल्यास तीही काढावी आणि चालू करण्याचे बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरावे. मग केवळ चार्जर जोडून संगणक चालू करावा. बॅटरी आत बसवलेली असल्यास काही कंपन्यांच्या लॅपटॉपांत तळाशी सुईएवढे छिद्र असते. त्यात पेपरक्लिपचे सरळ केलेले टोक दाबून हेच काम साधते.

नवी रॅम बसवल्यानंतर पडदा काळा राहिल्यास लगेच बंद करू नये. डीडीआर५ प्रकारच्या रॅमची जुळणी करण्यास संगणकाला पहिल्या वेळी काही मिनिटे लागू शकतात.

विंडोज प्रणालीतील उपाय

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळी एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. विंडोज व पी या कळींनी पडद्याची निवड बदलता येते. फक्त बाण दिसत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि नवे कार्य चालवण्याच्या पर्यायात ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ हे नाव रोमन लिपीत लिहून तो प्रोग्रॅम सुरू करावा.

एवढ्याने काम न झाल्यास सेफ मोडचा आधार घ्यावा. या अवस्थेत विंडोज केवळ अत्यावश्यक घटक व साधा ग्राफिक्स ड्रायव्हर घेऊन सुरू होते. पडदा काळा असताना तेथे पोहोचण्यासाठी विंडोज सुरू होऊ लागताच बटण १० सेकंद दाबून संगणक बंद करावा. असे दोन-तीन वेळा केल्यावर पुढच्या खेपेस विंडोज दुरुस्तीचा विभाग आपोआप उघडते. तेथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज आणि रीस्टार्ट या क्रमाने जाऊन ४ हा अंक निवडावा. सेफ मोडमध्ये चित्र आले, तर पडदा निर्दोष असल्याचे सिद्ध होते. मग डिव्हाइस मॅनेजरमधून ग्राफिक्स ड्रायव्हरची आधीची आवृत्ती परत आणावी किंवा तो काढून टाकावा. अद्ययावतीकरणानंतर दोष उद्भवला असल्यास त्याच दुरुस्ती विभागातून शेवटचे अद्ययावतीकरण काढता येते.

विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअप या सोयीमुळे संगणक बंद केल्यावरही प्रणालीच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपली जाते. त्यामुळे एखादा दोष बंद-चालू करूनही टिकून राहतो. रीस्टार्ट हा पर्याय निवडल्यास मात्र प्रणाली पूर्णपणे नव्याने सुरू होते.

लिनक्स व मॅकओएस

लिनक्समध्ये कंट्रोल, ऑल्ट व एफ३ या कळींनी केवळ मजकुराचा पडदा उघडतो. तो दिसल्यास दोष ग्राफिक्सपुरता मर्यादित आहे. प्रणाली सुरू होण्याच्या यादीत ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन लिपीत जोडल्यास ती साध्या ग्राफिक्सवर सुरू होते व ड्रायव्हर दुरुस्त करता येतो.

इंटेल प्रोसेसरच्या मॅकबुकमध्ये सुरू होताना शिफ्टची कळ दाबून धरल्यास सेफ मोड मिळतो. ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील मॅकबुकमध्ये चालू करण्याचे बटण पर्यायांचा पडदा येईपर्यंत दाबून धरावे, डिस्क निवडावी आणि शिफ्ट दाबून पुढे जावे.

आतील दुरुस्ती

रॅमची पट्टी काढून, तिच्या संपर्कपट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवण्याची पद्धत दुरुस्ती करणाऱ्यांत रूढ आहे. दोन पट्ट्या असल्यास एकेक बसवून दोषी पट्टी ओळखता येते. पडद्याची केबल काढण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवणे आवश्यक असते. अन्यथा मागील प्रकाशाचा मदरबोर्डवरील फ्यूज जळू शकतो. जुन्या फ्लुरोसंट प्रकारच्या पडद्यांत प्रकाशासाठी उच्च वीजदाब वापरला जात असल्याने चालू स्थितीत आत हात घालू नये. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू किंवा टोचू नये. ती पेट घेऊ शकते.

माहितीची सुरक्षितता

प्रणाली नव्याने बसवणे हा अखेरचा उपाय समजावा. त्यापूर्वी माहिती बाहेर काढण्याचे पुढील मार्ग उपलब्ध असतात.

दोष केवळ पडद्याचा असल्यास बाह्य पडदा जोडून नेहमीप्रमाणे फाइलींच्या प्रती करता येतात. प्रणाली सुरू होत नसली, तरी पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सद्वारे संगणक सुरू करून डिस्कवरील फाइली वाचता येतात. मदरबोर्ड निकामी झाल्यास डिस्क काढून यूएसबी पेटीत बसवावी व दुसऱ्या संगणकाला जोडावी. अनेक नव्या मॅकबुकांत व काही पातळ लॅपटॉपांत साठवणीच्या चिप मदरबोर्डवरच जोडलेल्या असल्याने हा तिसरा मार्ग बंद होतो.

डिस्कवरील माहिती कूटबद्ध असल्यास आणखी एक अडचण येते. विंडोजमधील बिटलॉकर चालू असल्यास दुसऱ्या संगणकावर डिस्क उघडण्यासाठी ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लागते. ती बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. सेफ मोडमधून एक फाइल काढणे एवढाच उपाय असूनही अनेक संस्थांमध्ये ही किल्ली हाताशी नसल्याने काम लांबले.

लॅपटॉप दुरुस्तीस देताना आतील माहिती हवी आहे व विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, हे दुकानाच्या पावतीवर लिहून घ्यावे. प्रकल्पाचा अहवाल, प्रबंध, कौटुंबिक छायाचित्रे यांची दुसरी प्रत नसेल, तर ही नोंद दुरुस्तीच्या खर्चापेक्षाही महत्त्वाची ठरते.

ज्ञात उदाहरणे

काळा पडदा दरवेळी वापरकर्त्याच्या निष्काळजीपणामुळेच उद्भवतो असे नाही. रचनेतील दोषांमुळेही तो आढळला आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधील आपल्या काही ग्राफिक्स चिप सदोष असल्याचे मान्य करून दुरुस्ती व बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. वारंवार तापण्या-थंड होण्याने चिपच्या जोडणीतील साहित्य निकामी होत होते.

२०१६ च्या मॅकबुक प्रो लॅपटॉपांत पडद्याची पातळ केबल बिजागरीवरून जाताना झिजत असे. प्रथम पडद्याच्या तळाशी रंगमंचावरील झोतांसारखे प्रकाशाचे पट्टे दिसत व पुढे मागील प्रकाश पूर्ण बंद पडे. मे २०१९ मध्ये ॲपलने १३ इंची प्रकारासाठी विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. म्हणून हमीचा काळ संपला असला, तरी आपल्या लॅपटॉपसाठी अशी योजना आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे.

दुरुस्ती व ग्राहकांचे हक्क

हमीच्या काळात लॅपटॉप स्वतः उघडू नये. खरेदीची पावती व अनुक्रमांक घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जावे. पडदा बदलण्यास संमती देण्यापूर्वी बाह्य पडद्याची चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी. दोष केबलचा किंवा रॅमचा असेल, तर पडदा बदलण्याचा मोठा खर्च व्यर्थ जातो.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग व हमी यांविषयीची माहिती मिळते. सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

प्रतिबंध

महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाह्य डिस्कवर किंवा ऑनलाइन साठवणीत नियमितपणे ठेवणे हा सर्वांत खात्रीचा प्रतिबंध होय. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून लॅपटॉपपासून वेगळी ठेवावी. झाकण एका कोपऱ्याला धरून न उघडता मध्यभागी धरून उघडावे, म्हणजे बिजागरीवर व केबलवर ताण येत नाही. कळफलकावर पेन किंवा इअरफोन राहिला असताना झाकण मिटू नये. गादी किंवा उशीवर ठेवल्याने हवेचे मार्ग बंद होतात. म्हणून लॅपटॉप कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावा. अद्ययावतीकरण चालू असताना संगणक मध्येच बंद करू नये आणि वीज वारंवार जाणाऱ्या भागांत त्यापूर्वी बॅटरी पुरेशी भरलेली असल्याची खात्री करावी.